मेरूवार्ता, अंक एकाहत्तरावा

पद्मा गेली त्याच्या चौथ्या दिवशी मी साताऱ्याला खांबेटेंना फोन लावला.

"मी मिरजेहून नेमगोंडा पाटील बोलतोय. पद्मावतीचा नवरा. ती बुधवारी गेली."

 पलीकडं खाकरण्याचा आवाज. मग ते म्हणाले, "फार वाईट झालं, पाटील. फार वाईट. एक साक्ष आली आहे. घरची अजून आलेली नाही. ती तुमच्याकडून हवी."

"कसली साक्ष?"

"बातमीची. निधनाची बातमी असेल तर एक सभासद आणि एक घरचं माणूस. दोन साक्षी जुळल्याशिवाय अंकात जात नाही."

"अहो, मी सांगतोय की! माझी बायको गेलीय."

"तोंडी चालत नाही, पाटील. लेखी लागतं."

मी विचारलं, "पहिली साक्ष कुणाची?"

"ते सांगता येत नाही. नाहीतर एकाचं बघून दुसरा लिहितो."

मी रिसिव्हर आदळला. शेजारच्या उपाध्येवहिनी डबा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. मी म्हटलं, "वहिनी, माझी बायको मेली याला पुरावा मागतायत."

त्यांना काय कळणार. त्यांनी डबा ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला.

ही माणसं कोण ते सांगायला पाहिजे. पुण्यात एक कंपनी होती, ती मेरू नावाचा कॉम्प्युटर काढायची. त्याच्या कीबोर्डवर मराठी अक्षरं छापलेली असत. गावोगावी लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची पत्रकं टाइप करणाऱ्या लोकांनी तो घेतला. पद्मानेही घेतला, आमच्या पुढच्या खोलीत टाकला आणि त्यावर पत्रिका करायला लागली. नुसतं काम करून ही माणसं गप्प बसली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण त्यांनी मंडळ काढलं. मेरू मित्रमंडळ. त्याचं मासिक, मेरूवार्ता. आठ पानं. नवीन मॉडेल कधी येणार, कुणाचा कुठला भाग बिघडला, कुठं मिळाला, कुणाचं काय मत. संपादक पद्मा, सहसंपादक खांबेटे. पुढे कंपनी बंद पडली. मासिक चालूच.

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं फिटर होतो. गाडी आवडते म्हणून कुणी गाडीच्या कंपनीचं मासिक काढलेलं मी पाहिलं नाही. गाडी चालली की झालं. या लोकांचं तसं नव्हतं. मेरू-तीनमध्ये कंपनीने ळ हे अक्षर एका कळीवरून उचलून दुसऱ्या कळीवर नेलं, तर यांनी त्यावर चौदा महिने भांडण केलं. उदगीरचा एक जण चार-चार पानी पत्रं पाठवायचा. पद्मा जेवताना ती मला वाचून दाखवायची आणि हसायची. मी म्हणायचो, "ह्या ळ पायी आमटी गार झाली."

साक्षींचा नियम मला ठाऊक होता. तो कसा झाला तेही. बार्शीच्या सुरवसे नावाच्या सभासदाचा अंक टपालातून परत आला, वर पोस्टमनने 'मयत' असं लिहिलेलं. दुसऱ्या कुणाचा तरी शेरा त्यावर पडला होता. मंडळाने सुरवशांना अर्धं पान श्रद्धांजली वाहिली. आठ दिवसांनी सुरवशांचंच पत्र आलं. पद्मा दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने माफी मागायला बार्शीला गेली. सुरवशांनी तिला पोहे खायला घातले. श्रद्धांजली त्यांनी काचेची चौकट करून भिंतीला लावली होती. म्हणाले, "ताई, माझ्याबद्दल इतकं चांगलं जिवंतपणी कोण लिहिणार होतं?"

पण पद्माला हसू आलं नाही. परत आल्या आल्या तिने नियम केला. कुठलीही बातमी दोघांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेली असावी. दोघांनी वेगवेगळं लिहून द्यावं, दोन्ही जुळवून पाहावं, मगच छापावं. मग ते निधन असो की प्रिंटरच्या रिबिनीचा भाव. तेव्हा मी तिला म्हणालो होतो, "आता हे मासिक आहे की कोर्ट?"

दुसऱ्या दिवशी, रविवारी अकराच्या सुमाराला खांबेटे घरी आले. वय सत्तरीचं, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, हातात रेक्झिनची पिशवी. हे जन्मभर तार ऑफिसात होते, दुसऱ्यांच्या घरच्या मयताच्या बातम्या पाठवण्यात यांची अख्खी नोकरी सरली. त्यांच्याबरोबर पस्तिशीची एक बाई होती, डोक्यावर ओढणी. मला तिला कुठंतरी पाहिल्यासारखं वाटलं.

"मी हमीदा मुजावर," ती म्हणाली. "सांगलीला स्टँडजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. तुम्ही फोन उचलायचा की नाही, तेव्हा ताईंना द्या म्हणणारी मीच, दाजी."

आवाज ओळखला. हा आवाज रोज साडेनऊला यायचा आणि माझ्या बातम्या बुडायच्या.

दोघं पद्माच्या फोटोसमोर उभी राहिली. खांबेटेंनी हात जोडले. ती काहीतरी पुटपुटली. मला वाटलं, आता बसतील, चहा घेतील, चार शब्द बोलतील. खांबेटे वळले आणि म्हणाले, "मशीन चालू करू या? एकाहत्तरावा अंक त्यात आहे. सात पानं झाली होती असं ताईंनी कळवलं होतं."

"करा," मी म्हटलं. "तेवढ्यासाठीच आलाय."

"तसं नाही, पाटील."

"तसंच आहे."

हमीदाने मशीनवरचं फडकं काढून त्याची नीट घडी घातली. पद्मा घालायची तशीच चार पदरी. बटण दाबलं. खांबेटे कान लावून उभे राहिले, डॉक्टर छातीला नळी लावतो तसे.

"हे मेरू-दोन आहे ना? मग पंखा वाजत का नाही? मेरू-दोनचा पंखा गिरणीसारखा वाजतो."

"सरांना आवाज आला नाही की चैन पडत नाही," हमीदा म्हणाली.

"आवाज यायला हवा. तो मेरूचा स्वभाव आहे."

"बिघाड आहे सर तो, स्वभाव कसला?"

"तुम्ही मेरू-तीनवाले. तुम्हाला काय कळणार? ळ तिकडं गेला तरी तुम्ही गप्प बसलात."

"ळ उजवीकडं बरा आहे, सर. करंगळीला बरोबर सापडतो."

"करंगळीला! चाळीस वर्षं टायपिंग करणाऱ्याला तुम्ही करंगळी शिकवणार?"

ही दोघं माझ्या घरात, पद्माच्या खुर्चीच्या दोन बाजूंना उभी राहून ळ वरून भांडत होती. चारच दिवसांपूर्वी मी तिला पोचवून आलो होतो. माझं डोकं फिरलं.

"बास करा!" मी ओरडलो. "तुमचा तो ळ घाला चुलीत. माणूस गेलंय इथलं. तुम्हाला काही आहे का त्याचं? तुमच्या ह्याच डबड्यापायी तिने जीव टाकला. दवाखान्यातसुद्धा हेच. घरी जा, फ्लॉपी आणा, अमकीला द्या, तमकं पान राहिलंय. अकरा दिवस हेच ऐकलं मी."

खांबेटे खाली बसले. हमीदा मशीनकडं तोंड करून उभी राहिली.

मग खांबेटे म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. आम्ही असेच आहोत. पण पाटील, आठव्या पानावर ताईंची बातमी गेली पाहिजे. तीनशे दहा सभासद आहेत. ताईंना नमस्कार लिहिल्याशिवाय कुणी पत्र सुरू करत नाही. त्यांना कळलं पाहिजे. आणि ते त्यांच्याच नियमाने कळलं पाहिजे. उद्या कुणी म्हणायला नको, की संपादकबाईंच्या वेळी नियम वाकवला."

ते त्यांनी हळू म्हटलं.  मलाही तेच पाहिजे होतं. तिच्या मासिकात तिचं नाव नीट छापून यावं, एवढंच मला पाहिजे होतं.

"आणा तो कागद," मी म्हटलं.

त्यांनी पिशवीतून कागद काढला. पद्मानेच टाइप केलेला होता, तिची अक्षरजुळणी मी ओळखतो. चार प्रश्न. तारीख. ठिकाण. वेळ. शेवटच्या वेळी जवळ कोण होते. खाली सहीची रेघ.

मी तारीख लिहिली. ठिकाण, मिरज, दवाखाना. वेळ, सायंकाळी पावणेसहा. चौथ्या प्रश्नाशी थांबलो.

"तेवढं नंतर लिहितो," मी म्हटलं.

"चालेल. आधी वेळ जुळवू." खांबेटेंनी पिशवीतून एक बंद पाकीट काढलं. कडेने नीट फाडलं. आतला कागद उलगडला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. मग माझा कागद पाहिला.

"काय झालं?"

"जुळत नाही."

"काय जुळत नाही?"

"इथं चार वाजून वीस मिनिटं लिहिलंय."

"चूक आहे ती. मी पावणेसहाला पोचलो, तेव्हा नर्स म्हणाली, आत्ताच गेल्या. माझ्यासमोर म्हणाली."

"पोचलात?" खांबेटे म्हणाले. त्यांनी मुद्दाम विचारलं नव्हतं. माणूस वाचताना चुकलेला शब्द धरतो, तसा त्यांनी तो धरला.

 हमीदा वळली.

"नर्स असंच म्हणतात, दाजी," ती म्हणाली. "कुणीही आलं तरी आत्ताच म्हणतात. चार वीसच झाले होते. मी होते."

मग मला आठवलं, तिला कुठं पाहिलं होतं. मी जिना चढून वर गेलो तेव्हा वॉर्डाबाहेर बाकावर एक बाई बसली होती, डोक्यावर ओढणी, मांडीवर वही. मला बघून उठून उभी राहिली होती. कुणाची तरी नातेवाईक असेल म्हणून मी पुढं गेलो.

"तू तिथं काय करत होतीस?"

"रोज यायचे. तुम्ही चारला चहाला जायचा, त्यानंतर. ताई म्हणाल्या होत्या, ह्यांच्यासमोर नको, चिडतात. आठवं पान त्या तोंडी सांगायच्या आणि मी लिहून घ्यायचे."

त्या बुधवारी मी चहाला गेलो नव्हतो. त्या बुधवारी पद्मा पुन्हा म्हणाली, "अहो, फ्लॉपी तेवढी आणून द्या, खालच्या खणात आहे." मी म्हणालो, "त्या डबड्याचं नाव पुन्हा काढलंस तर मी चाललो." ती म्हणाली, "बरं, नाही काढत. पण आणा." मी उठलो आणि खरंच गेलो. घरी नाही. डेपोत गेलो. तिथं पोरांनी एक गिअरबॉक्स खोलून ठेवला होता, त्यांच्याकडून तो बसत नव्हता. मी बाह्या वर केल्या आणि दोन तास त्यात हात घातला. बरं वाटलं. गिअरबॉक्स बसवून, हात धुऊन, पोरांबरोबर चहा पिऊन मी दवाखान्यात आलो.

चार दिवस मी स्वतःला सांगत होतो, पाच मिनिटांनी चुकलं. रस्त्यात फाटक बंद होतं, ते नसतं तर सापडली असती. पाच मिनिटांवर माणूस जगू शकतो. तो दीड तास होता.

"काही म्हणाली?" मी विचारलं.

हमीदाने पिशवीतून वही काढली. "तुमचं विचारलं. आले का, म्हणाल्या. मी म्हटलं, येतायत. मग म्हणाल्या, तोवर शेवटची बातमी घे. ही घेतली. वाचू?"

मी मान हलवली.

ती वाचायला लागली. एकसुरात, मजकूर ताडून बघताना वाचतात तसं. "मेरू-दोनच्या पंख्याचा आवाज. मेरू-दोन वापरणाऱ्यांची पंख्याबद्दल जुनी तक्रार आहे. कंपनीने त्यावर उपाय दिला नाही. पंख्याच्या मधल्या दांडीवर शिलाई मशीनचं तेल दोन थेंब सोडावं, जास्त नको, आणि पंखा हाताने दहा वेळा फिरवावा. आवाज पूर्ण जातो. हा उपाय एसटीचे निवृत्त फिटर श्री. नेमगोंडा पाटील, मिरज, यांनी शोधला. त्यांना कॉम्प्युटरचा राग आहे, पण कुठलंही यंत्र कण्हत असलेलं त्यांना बघवत नाही. पहिली साक्ष, संपादक. दुसरी साक्ष, ह. मुजावर, सांगली, यांनी आपल्या दुकानातल्या मशीनवर करून पाहिलं."

"करून पाहिलं होतं मी," हमीदा खांबेटेंना म्हणाली. "माझ्याकडं जुनं मेरू-दोनपण आहे, सर. गप्प झालं."

 खांबेटेंनी मशीनकडं पाहिलं.

पंखा मी गेल्या वर्षी दसऱ्याला गप्प केला होता. दुपारी झोप लागू देत नव्हता म्हणून. ती शेजारी हातात टॉर्च धरून उभी होती आणि मी शिव्या घालत होतो.

खांबेटेंनी खुर्ची जवळ ओढली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. 

"पाटील, पावणेसहा खोडा आणि चार वीस करा. आणि चौथ्या ठिकाणी लिहा, घरची मंडळी जवळ होती. सगळे तसंच लिहितात. मी आजवर किती कागद पाहिले, सगळ्यांची घरची मंडळी जवळच असते. कोण तपासतंय?"

"तुम्ही तपासता," मी म्हटलं.

"मी आज नाही तपासत."

"आणि ह्या?"

हमीदा म्हणाली, "मी काही बोलणार नाही, दाजी. ताईंची शपथ."

मी पेन उचललं. या नियमाला मी कालपासून शिव्या घालत होतो. आता नियम बनवणारी नव्हती, पाळणारा तो मोडायला तयार होता आणि साक्षीदार गप्प बसणार होती. फक्त लिहायचं होतं. चार शब्द.

मला बार्शीचं आठवलं. माफीला जाताना ती पहाटे चारला अंधारात साडी नेसत होती. मी अंथरुणातून म्हटलं होतं, "पोस्टकार्ड टाक की एक. त्यासाठी एवढं लांब कशाला?" ती म्हणाली होती, "खोटं छापलंय मी. पोस्टकार्डावर कसं भागेल?"

मी पेन खाली ठेवलं.

"मग खरं लिहा," खांबेटे म्हणाले. "जवळ हमीदा मुजावर होत्या, आपण नव्हता. तेही चालतं. ताईंना गेलेलं तुम्ही पाहिलंय, नियमात बसतं."

"ते लिहितो," मी म्हटलं. "आज नको. दोन दिवस द्या."

त्यांनी दोन दिवस दिले. मग आठ. हमीदाने त्याच दुपारी आठवं पान टाइप केलं. वर ळ विषयी संपादकांचं मत होतं, तेही तिच्या वहीतलंच. 'ळ दोन्हीकडं सापडतो, वाद पुरे', एवढंच होतं ते. त्याखाली पंख्याची बातमी. त्याखाली चार ओळींची जागा. अंक पंधरा दिवस थांबला. शेवटी खांबेटेंनी तो तसाच छापला, जागा कोरी ठेवून. त्या कोऱ्या जागेवरून उदगीरहून दोन पानी पत्र आलं, की कागद महाग झालेला असताना ही उधळपट्टी कशासाठी.

पत्रं नंतरही येत राहिली. 'आदरणीय ताईंस नमस्कार. आपला पंख्याचा उपाय करून पाहिला, आवाज गेला. श्री. पाटील यांचे आभार.' तेहतीस जणांनी कळवलं. त्यांना पद्मा गेल्याचं ठाऊक नव्हतं. कुणी कळवलंच नव्हतं. खांबेटे सगळ्यांना उत्तर द्यायचे आणि खाली लिहायचे, संपादक तूर्त रजेवर आहेत. मी त्यांना फोनवर म्हटलं, "रजेवर काय, खांबेटे?" ते म्हणाले, "साक्ष आल्याशिवाय मी दुसरं काय लिहू?"

मासिक पुढं दोन वर्षं चाललं. खांबेटे गेले तेव्हा त्यांच्या सुनेने कागद भरून दिला, दुसरा हमीदाने. दोन्ही जुळले. शेवटच्या अंकात त्यांची बातमी आली आणि मंडळ बंद झालं.

याला आता बारा वर्षं झाली. मशीन पुढच्या खोलीत आहे. दर दसऱ्याला मी पंख्याला दोन थेंब तेल घालतो. हमीदा ईदला शीरखुर्मा घेऊन येते, चहा घेते, कागदाचं कधी विचारत नाही. कागद खालच्या खणात फ्लॉपीशेजारी आहे. पावणेसहा खोडून मी चार वीस केलंय.

चौथ्या प्रश्नापुढं अजून काही लिहिलेलं नाही. सही राहिली आहे.